हाकेला ओ देणारा शल्यविशारद



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंत ऋतूत चार शहाण्या गोष्टी ऐकावयास जमण्याची सवय महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांना लागली. अशा व्यासपीठावर इतिहासाचे व्याख्यान ठेवले म्हणजे श्रोते लढाया, तह आणि कारस्थाने यांची अपेक्षा करतात. मी आज ज्याविषयी बोलणार आहे त्यात तह नाही व कारस्थानही नाही. रात्री-अपरात्री दवाखान्याच्या दारावर पडणाऱ्या थापेचा हा इतिहास आहे. ती थाप ऐकून आत कोण जागे होते आणि कोण होत नाही, एवढाच माझा आजचा प्रश्न.

प्रारंभ तोरण्याच्या पायथ्यापासून करतो. पुण्याहून सातारा रस्त्याने निघून नसरापूरकडून आत वळले की वाट वेल्ह्याला जाते. या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. वेल्ह्याच्या पुढे पश्चिमेला पासली लागते, आणि तशीच वाट धरली की केळद येते व मढे घाटाच्या तोंडाशी सह्याद्री संपतो. खाली कोकण. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले तेव्हा त्यांची पालखी याच मढे घाटाने उमरठ्यास नेली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा आज मला ठरवावयाचा नाही. मला तिच्यातली एकच गोष्ट घ्यावयाची आहे. या डोंगरात माणूस पडला की त्याला खांद्यावर घेऊन चालावे लागते. घोंगडीची झोळी, मध्ये बांबू, पुढे दोन, मागे दोन आणि बदलीला आणखी चार. पालखी वीराची असो की झोळी बाळंतिणीची असो, चालणाऱ्याच्या पायांना डोंगर सारखाच. भेद एवढाच की पालखीतला वीर गेलेला होता, त्याला घाई नव्हती. झोळीतल्या बाईला घाई आहे.

घाई हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण शस्त्रक्रियेचा सारा इतिहास या एका शब्दाभोवती दोन भागांत विभागता येतो. एक थांबू शकणारी शस्त्रक्रिया आणि दुसरी न थांबणारी.

थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रियेत आपण मागासलेले कधीच नव्हतो. सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगविण्याची मला हौस नाही, परंतु पुण्याच्या परिसरात घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कोवासजी नावाचा मनुष्य टिपूच्या शिपायांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले. वर्षभर तो तसाच हिंडला. नंतर पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. युरोपातील शस्त्रवैद्यांनी ती वाचून नाके घडविण्याचा अभ्यास आरंभिला. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु तिच्यातील एक तपशील विसरू नये. कोवासजी वर्षभर थांबू शकला. नाक नसलेला मनुष्य दुःखी असतो, पण जगतो. कुंभार चाकावरचे काम संपवून सवडीने आला असता तरी चालले असते.

पोटाचे तसे नाही. १८४६ साली ईथरने रोग्याला बेशुद्ध करता येते हे बोस्टनमध्ये सिद्ध झाले, आणि १८६७ साली लिस्टरने जखमेतील जंतू मारण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूलाच आमंत्रण देणे होते. त्यानंतर मात्र पोटातला दोष हाताने दूर करता येऊ लागला. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या आंत्रपुच्छाजवळ गळू झाले, तेव्हा राज्याभिषेक पुढे ढकलून ट्रीव्हज नावाच्या शल्यविशारदाने ते मोकळे केले. राजा वाचला आणि आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली.

पण विद्येने दिलेल्या प्रत्येक देणगीबरोबर एक नवी जबाबदारी येते. जोपर्यंत या दुखण्यांवर उपायच नव्हता तोपर्यंत शल्यविशारद जवळ असला काय आणि शंभर कोसांवर असला काय, सारखेच. उपाय सापडला त्या दिवसापासून अंतर हेच मरणाचे कारण झाले. आणि प्रत्येक दुखण्याचे घड्याळ वेगळे. सुजलेले आंत्रपुच्छ फुटावयास बहुधा दिवस-दीड दिवस घेते. अंतर्गळात आतडे पिळून अडकले तर ते काही तासांत काळे पडू लागते. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले तर दोन तासांत संसार उघडा पडू शकतो. हे घड्याळ रोग्याच्या जातीकडे वा खिशाकडे पाहत नाही आणि तो कोणत्या तालुक्यात राहतो हेही विचारीत नाही.

आता १२ जानेवारी १९२४ ची रात्र आठवा. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. पोटात दुखू लागले, ताप चढला, आंत्रपुच्छाचा दाह असल्याचे निदान झाले, आणि त्यांना डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. गांधीजींची इच्छा आपल्या विश्वासातील डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावे अशी होती. निरोप गेले. पण घड्याळ थांबावयास तयार नव्हते. ससूनचे शल्यविशारद कर्नल मॅडॉक यांनी आता विलंब करणे धोक्याचे आहे असे सांगितले. श्रीनिवास शास्त्री यांना पाचारण करण्यात आले. गांधीजींनी संमतीच्या कागदावर थरथरत्या हाताने सही केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच बाहेर वादळ झाले आणि वीज गेली. हातातली विजेरीही दगा देऊन गेली, आणि अखेरचे टाके कंदिलाच्या उजेडात घातले गेले. गांधीजी वाचले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली.

ही कथा आपण अनेकदा ऐकली असेल. कोणी तिच्यात गांधीजींचे औदार्य पाहतो, कोणी इंग्रज डॉक्टरची कर्तव्यनिष्ठा पाहतो. मी तिच्यात आणखी एक गोष्ट पाहतो. त्या रात्री वीज नव्हती, पण शल्यविशारद होता. नामांकित डॉक्टर दूर होते, आणि जो जवळ होता त्याने काम केले. रोग्याजवळ विश्वासाचा डॉक्टर असावा की वेळेवर पोचणारा डॉक्टर असावा, असा प्रश्न आला तर त्या रात्रीचे उत्तर स्पष्ट आहे. दिवा गेला तरी कंदिलाने भागते, पण माणूस नसेल तर त्याची जागा कशानेच भरून निघत नाही.

मॅडॉक तेथे होता याचे कारण काय? तो सरकारी नोकर होता, त्याला त्या ठाण्यावर नेमलेले होते आणि ते सोडून जाण्याची त्याला मुभा नव्हती. ही व्यवस्था परकी सरकारने आपल्या सोयीसाठी उभी केली होती, हे खरे. ती जिल्ह्याच्या ठिकाणी संपत असे, हेही खरे. तोरण्याच्या मागच्या खोऱ्यातील एखाद्या कुणब्याच्या पोटात त्याच रात्री तीच कळ उठली असती, तर त्याला संमतीच्या कागदावर अंगठा उठविण्याची वेळदेखील आली नसती.

ज्या जीवराज मेहतांची त्या रात्री वाट पाहिली गेली, त्यांचे नाव या इतिहासात लगेच पुन्हा येते. मुंबईत परळला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९२५ साली आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, त्याचे पहिले अधिष्ठाते हेच जीवराज मेहता. पुढे १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. तेथे शिकविणारे डॉक्टर भारतीयच असावेत अशी देणगीची अट होती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मक्तेदारीला हे उत्तर होते. आणि या डॉक्टरांची नेमणूक झाली ती 'ऑनररी' म्हणून, म्हणजे मानद.

ही मानद पद्धत जरा समजून घेण्यासारखी आहे. मोठा शल्यविशारद सकाळी रुग्णालयात येई, वॉर्डात फेरी मारी, विद्यार्थ्यांना शिकवी आणि शस्त्रक्रिया करी. दुपारनंतर तो आपल्या खाजगी दवाखान्यात जाई. आठवड्याचे वार पथकांना वाटून दिलेले असत. ज्या पथकाचा वार, त्या दिवशी व रात्री येणारे सारे तातडीचे रोगी त्याचे. रुग्णालयात मुक्कामी असणारा तरुण हाउस सर्जन रोगी पाहावयाचा, त्याच्यावरचा रजिस्ट्रार निर्णय घ्यावयाचा, आणि दोघांच्या हाताबाहेरचे असले की ऑनररींच्या घरी टेलिफोन वाजावयाचा. गरिबाच्या फाटक्या आतड्यासाठी मुंबईतला नामांकित शल्यविशारद एक पैसाही न घेता मध्यरात्री मोटार काढून परळला येई. हे आपल्या समाजाचे भूषण होते आणि ते तसे म्हटलेच पाहिजे.

परंतु मानद पद्धतीच्या पोटातच तिची मर्यादा होती. हा धर्म जगत होता शहराच्या पैशावर. दुपारी श्रीमंत रोगी फी देत, म्हणून रात्रीचा गरीब फुकट बरा होई. जेथे दुपारी फी देणारा कोणी नाही, तेथे रात्री फुकट येणाराही कोणी असणार नाही. वेल्ह्याला ऑनररी कोण होणार? पुढे शहरातील महाविद्यालयांत पूर्णवेळ पगारी अध्यापक आले, मानद पद्धत मागे पडली. पण शल्यविशारद शहरालाच चिकटून राहिला, कारण त्याला चिकटविणारी गोष्ट बदलली नाही.

याला अपवाद घडले. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ साली मिरजेला रुग्णालय उघडले. मिरज त्या काळी मुंबईसारखे शहर नव्हते, पण लांबलांबचे रोगी रेल्वेने मिरजेला येऊ लागले. धर्मप्रसाराच्या हेतूविषयी आपले मत काहीही असो, रुग्णालयाची रचना पाहावी. शल्यविशारद तेथेच राहत होता. त्याचे घर आणि शस्त्रक्रियागृह यांच्यात चालण्याइतके अंतर होते. परिचारिका तेथेच शिकविल्या जात. म्हणजे एकटा वानलेस तेथे नव्हता, त्याच्याभोवती माणसांचा एक मेळ होता.

हा मेळ फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्या बहुतेक योजना येथेच चुकल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ साली एका समितीने देशाच्या आरोग्याचा आराखडा मांडला. तिला भोर समिती म्हणतात. हे नाव तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचे, वेल्ह्याशेजारच्या भोर गावचे नव्हे. त्या भोरचे संस्थान तर १९४८ साली मुंबई राज्यात विलीन व्हावयाचे होते. समितीचे दूरचे स्वप्न असे होते की दहा ते वीस हजार वस्तीमागे पंच्याहत्तर खाटांचे रुग्णालय आणि सहा डॉक्टर असावेत. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आज डोंगरी भागात वीस हजार वस्तीला एक केंद्र असा नियम आहे, आणि पासलीलाही असे केंद्र आहे. तेथे ताप, खोकला, लसी, सरळ बाळंतपणे होतात. ही लहान कामगिरी नव्हे. परंतु पोट उघडण्याची सोय प्राथमिक केंद्रात नसते, आणि असावी अशी अपेक्षाही नाही. ती त्याच्या वरच्या पायरीवर, तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात असावी असे शासनाचेच मानक सांगते. तेथे शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असे चार तज्ज्ञ हवेत.

आणि आहेत किती? केंद्र सरकारच्या २०२१–२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशाच्या खेड्यांतील या पायरीवर जितके शल्यविशारद हवेत त्यांपैकी सुमारे ८३ टक्के नव्हते. शंभर खुर्च्या मांडल्या आणि सतरांवर माणसे बसली. बाकीच्या खुर्च्यांवर नावाच्या पाट्या.

येथे डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. 'खेड्यात जात नाहीत, पैशाच्या मागे लागले,' असे म्हणून टाळ्याही मिळविता येतात. मला तो मार्ग पत्करावयाचा नाही. एक साधा हिशेब करून पाहा. आठवड्याचे तास १६८. दुखणे त्यांपैकी कोणत्याही तासाला येऊ शकते. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करावे असे धरले, तर एका हाकेला सदैव ओ मिळण्यासाठी साडेतीन शल्यविशारद लागतात. आपण नेमतो एक. तो एकटा रात्रंदिवस बांधलेला राहतो. मुलाच्या आजारपणात, आईच्या श्राद्धाला, सणावारालाही त्याची सुटका नाही. वर्षभरात तो थकतो, आणि बदली मागतो. शिवाय शल्यविशारद आला तरी भूल देणारा नसेल तर तो काय करणार? भूलतज्ज्ञ आला आणि रक्त नसेल तर? रक्त आहे आणि शस्त्रे उकळून तयार ठेवणारी परिचारिका नसेल तर? बैलगाडीला एक चाक नसले तर उरलेले चाक निम्मी वाट चालत नाही, गाडी जागेवरच बसते. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्त आणि उजेड या पाचांपैकी १९२४ च्या ससूनमध्ये फक्त उजेडच गेला होता, हे लक्षात घ्या.

हा दोष ओळखून काही उपाय झाले आहेत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात खाजगी तज्ज्ञाला अडल्या वेळी सरकारी रुग्णालयात बोलावून त्या खेपेपुरता मोबदला देण्याची सोय झाली. सामान्य एम. बी. बी. एस. डॉक्टरांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन तातडीच्या प्रसूतीपुरती भूल देण्यास तयार करण्यात आले. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. झोळीचे काम गाडीवर आले, एवढ्यानेच कितीतरी जीव वाचले असतील. तरी एक गोष्ट सांगतो. गाडी अंतर कमी करते, पण ज्या दारात गाडी थांबते त्या दारामागे कोणी नसेल तर ती गाडी रोग्याला फक्त दुसऱ्या दाराकडे नेते.

दारोदार फिरण्याची ही कथा न्यायालयातही गेली. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणसावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. १९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेला एक शेतमजूर कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरविला गेला. कोठे खाट नव्हती, कोठे त्या मारावर इलाज करण्याची सोय नव्हती. शेवटी त्याने खाजगी रुग्णालयात सतरा हजार रुपये खर्च केले. १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सरकारला सबब होऊ शकत नाही. कोणत्या रुग्णालयात जागा आहे हे एका ठिकाणी कळावे अशी व्यवस्था करा, असेही सांगितले. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही कायदा करून रुग्णालयांना हाकेवर येणाऱ्या तज्ज्ञांची यादी ठेवणे भाग पाडले. तरी तेथेही रात्रीच्या हाकेला तज्ज्ञ मिळत नाहीत अशी तक्रार होतच राहिली. म्हणजे कायद्याने यादी तयार होते, पण यादीवरचा माणूस अंथरुणातून उठेल याची हमी कायदा देऊ शकत नाही.

मग आपण मागावे काय? पासलीला शल्यविशारद मागणे शहाणपणाचे नाही. तेथे त्याला महिन्यातून थोड्याच शस्त्रक्रिया मिळतील, आणि ज्या हाताला सराव नाही तो हात धोक्याचा. मागणी वेगळी असावी. पासलीच्या केंद्रात पोटाची कळ साधी की घातकी हे ओळखणारा डॉक्टर रात्रीही असावा. घातकी ठरली तर कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे हे आधीच ठरलेले असावे. त्या रुग्णालयात एका शल्यविशारदाऐवजी आळीपाळीने काम करणाऱ्यांचा पुरा मेळ असावा, मग तो तालुक्याच्या ठिकाणी नसून दोन-तीन तालुक्यांमिळून एका जागी असला तरी चालेल. आणि आज रात्री हाकेवर कोण आहे, शल्यविशारद कोण, भूलतज्ज्ञ कोण, हे रुग्णालयाच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले असावे. रेशनच्या दुकानात धान्याचा साठा फळ्यावर लिहितात. माणसाच्या जिवाचा साठा लिहिण्यास काय हरकत आहे? फळ्यावर रिकामी जागा दिसली तर निदान गाडी तेथे न थांबता पुढे जाईल, आणि दुसऱ्या दिवशी लोक विचारतील की जागा रिकामी का.

कोणी म्हणतील, 'आम्ही शहरात राहतो, आम्हाला डॉक्टरांची वाण नाही.' त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, पावसाळ्यात तोरणा, राजगड आणि मढे घाटाचे धबधबे पाहावयास आपणच जातो. पाय घसरला तर आपल्यालाही त्याच वाटेने उचलून आणावे लागते. आणि आपल्या शहराचे पाणी, भाजी, दूध आणि कामाची माणसे ज्या खोऱ्यांतून येतात, त्या खोऱ्यांना रात्री अनाथ ठेवणे हे ऋण विसरण्यासारखे आहे.

ससूनमधल्या त्या रात्री एका कंदिलाने इतिहास वाचविला, असे आपण कौतुकाने सांगतो. पण तो कंदील कोणीतरी धरलेला होता, आणि त्याच्या उजेडात कोणाचे तरी हात चालत होते. पासलीच्या वाटेवर आज विजेचे दिवे आहेत. उजेड पोचला आहे. आता त्या उजेडात हात पोचविण्याचे काम आपल्या पिढीकडे आहे.